लेझर रेडियल: इंदूरहून पुन्हा शिडाकडे वळणाऱ्यांसाठी

कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये एंटरप्राइझ ही दोघांची शिडाची बोट चालवलेली असते, मग नोकरी, संसार, आणि पंचेचाळिशीत शिडाची आठवण उसळते. अशा माणसाने एकट्याची बोट घ्यायची तर लेझर घ्यावी. २०१९ पासून तिचं अधिकृत नाव आयएलसीए, पण तळ्यावर नाव लेझरच. बोट एकच, ४.२३ मीटर लांब, ५९ किलोच्या आसपास. शिडं मात्र तीन मापांची: ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. ७८ किलोचा गृहस्थ आपसूक मोठं शीड मागतो. मागू नये.

मोठ्या शिडाचा जोर पेलायला पाय पट्ट्याखाली अडकवून अंग बोटीबाहेर टाकावं लागतं, आणि सगळा भार मांड्यांवर व गुडघ्यांवर येतो. खुर्चीत वीस वर्षं गेलेल्या मांड्या दहा मिनिटांत थरथरतात. मधलं शीड, म्हणजे रेडियल (आता आयएलसीए ६), हेच परत येणाऱ्याचं शीड. डोलकाठी दोन तुकड्यांची असते. रेडियलचा खालचा तुकडा मोठ्या शिडाच्या तुकड्यापेक्षा साधारण ६० सेंमी आखूड. वरची काठी आणि बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, तेच. पुढे हौस वाढली तर खालची काठी आणि शीड एवढंच बदलायचं.

इंदुरात सिरपूर आणि यशवंत सागर ही तळी आहेत, पण ती जागा पक्ष्यांची. आपल्याला भोपाळचा बडा तलावच, साधारण १९० किलोमीटर. नॅशनल सेलिंग स्कूलही तिथंच आहे. कुठलीही बोट विकत घेण्याआधी जाणत्या माणसाबरोबर दोन-तीन दिवस पाण्यावर काढावेत.

एंटरप्राइझच्या सवयी इथं दगा देतात. पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब, इथं नाही, त्यामुळे टॅक घेताना, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना, ते ओढून न्यायला कोणी नाही. वेग नसताना टॅक घेतला की बोट वाऱ्यासमोर तोंड करून ठप्प. अशा वेळी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, नुसता हलवून उपयोग नाही. बूम आणि टिलर दोन्ही एकाच बाजूला स्वतःपासून दूर ढकला. बोट मागे सरकते, नाक वळतं, मग दोन्ही जवळ ओढा.

दुसरी खोड या बोटीची स्वतःची: जाइब करताना, म्हणजे बोटीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवताना, मेनशीट (शीड आवळायची-सोडायची दोरी) मागच्या कोपऱ्यात अडकते आणि बोट उलटते. बूम डोक्यावरून जाण्याच्या क्षणी शीटला एक जोराचा झटका द्यायचा, म्हणजे ढील वर उचलली जाते. बूम बराच खाली असतो, व्हँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) ताणलेला असला की आणखीच. वाकायचं ते नीट वाका.

उलटलीच तर घाबरू नका, फक्त क्रम चुकवू नका. आधी मेनशीट आणि व्हँग मोकळे. मग नाक वाऱ्याकडे वळवा, नाहीतर उभी झालेली बोट वाऱ्याने पुन्हा तुमच्यावरच येते. डॅगरबोर्ड, म्हणजे बोटीच्या पोटातून खाली जाणारी फळी, तळातून पूर्ण बाहेर आलेला असायला हवा, कारण त्यावरच पाय ठेवून बोट उभी करायची असते. तो इलास्टिक दोरीने बांधलेला नसेल तर निसटतो आणि पाय ठेवायला काहीच उरत नाही. उथळ पाण्यात डोलकाठीचं टोक गाळात रुतलं तर हिसके देऊ नका, वरची काठी तिच्या रिव्हेटच्या भोकापाशी तुटते. हळूहळू सोडवा.

एक गोष्ट खटकते. शीड काठीवर मोज्यासारखं चढवलेलं असतं, त्यामुळे पाण्यात असताना ते खाली घेता येत नाही. किनाऱ्याला लागून काठीच उपसावी लागते. वारा वाढला तर हे डोक्यात असू द्या.

जुनी बोट बघायची तर रंगावर जाऊ नका. डोलकाठी बसते त्या खोबणीत पाणी भरून तासभर थांबा. पातळी उतरली तर पाणी थेट पोटात जातंय. वाळूने घासून तिथं झीज होते, म्हणून तळाशी प्लास्टिकची चकती असलेली बरी. कॉकपिटभोवतीचा (बसायच्या खोलगट जागेभोवतीचा) डेक, म्हणजे वरचा पृष्ठभाग, अंगठ्याने दाबा, मऊ लागला तर पुढचं बोलणंच नको. वरची काठी सपाट जमिनीवर लोळवा. उसळत गेली तर वाकलेली आहे. शेवटी बोट तराजूवर: वजन बरंच जास्त भरलं तर आतला फोम पाणी प्यायलेला असतो, आणि तो सुकवणं भल्याभल्यांना जमत नाही.

ने-आण करताना बोट काठांवर टेकवा, पोटावर नको. पोटाखालचा एक अरुंद आधार खड्ड्यागणिक पोचे पाडतो. घरी उन्हात ठेवताना मागचं बूच काढून ठेवा, कारण आतली हवा तापून फुगते आणि जोड सुटतात. तेच बूच पाण्यात उतरताना लावायला विसरतं, म्हणून दोरीने बोटीलाच बांधून टाका.