प्राग की व्हिएन्ना? दोघांच्या छोट्या सहलीसाठी

पॅरिस आणि स्वित्झर्लंड टूर कंपनीच्या बसमधून घरातल्या कुणाचं ना कुणाचं झालेलं असतं. आता दोघांनीच जायचंय, आठवडाभरात परत यायचंय आणि एकच शहर नीट बघायचंय, असं म्हणणारी जोडपी कोल्हापुरातही बरीच भेटतात. त्यांच्या यादीत काटछाट होऊन शेवटी बहुतेक वेळा चेक देशातलं प्राग आणि ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना हीच दोन नावं उरतात. आम्ही नवरा-बायको दोन्हीकडं राहून आलोय, आधी प्राग, मग व्हिएन्ना. मोजमाप असं काही केलेलं नाही. पाय किती दुखले आणि संध्याकाळी एकमेकांशी किती गोडीत बोललो, यावरून जे मत झालं ते सांगतो. व्हिसाची कागदं, ३०,००० युरोचा विमा वगैरे तुमचा एजंट सांगेलच.

जिथं फारसा फरक पडत नाही ते आधी उरकून घेऊ. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरा नाहीतर कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमान, मुंबईतून पुढं दुबई किंवा इस्तंबूलला बदलून दोन्ही शहरांत पोचता येतं. जाण्यायेण्यातच जवळपास दोन दिवस जातात, त्यामुळं एवढ्याशा सुट्टीत आणखी शहरं कोंबू नयेत असं मला वाटतं. ट्राम-मेट्रो दोन्हीकडं झकास. स्टेशनात अडवणारं गेट नाही, पण साध्या कपड्यांतला तपासनीस कधीही समोर उभा राहतो, तेव्हा तिकीट मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवायला विसरू नका. प्रागच्या विमानतळावरून ५९ नंबरची ट्रॉलीबस मेट्रोच्या ए लाइनला आणून सोडते. व्हिएन्नाच्या विमानतळावर ‘सिटी एअरपोर्ट ट्रेन’च्या हिरव्या पाट्या सगळीकडं दिसतात. त्यांच्याकडं दुर्लक्ष करून एस-सेव्हन ही साधी लोकल शोधा. तीही त्या ट्रेनसारखी शहरातल्या वीन मिटे स्टेशनलाच जाते, दहाएक मिनिटं जास्त घेते आणि तिकीट त्या मानानं किरकोळ पडतं.

दिसण्याचं म्हणाल, तर प्राग. यावर वाद नको. चार्ल्स ब्रिजचं काम १३५७ मध्ये सुरू झालं. पुलावरचे तीस पुतळे बरेच नंतरचे, आणि त्यांतले बरेचसे आता नकला आहेत, अस्सल मूर्ती संग्रहालयात हलवल्यात. पण सूर्य उगवायच्या सुमाराला पुलावर उभं राहिलं की हे काही आठवत नाही. खाली व्लतावा नदी, वर किल्ल्याची रांग, आणि माणूस म्हणाल तर ट्रायपॉड लावलेले दोन-चार फोटोवाले. नऊनंतर त्याच पुलावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून झोपमोड करायची तयारी ठेवा. किल्ल्यावर चढत जाऊ नका. २२ नंबरची ट्राम वर सोडते, तिथून रमतगमत खाली उतरायचं. जुन्या चौकातलं १४१० सालचं खगोलीय घड्याळ बघायला तासाच्या ठोक्याला तोबा गर्दी होते. खिडकीतून येशूच्या बारा प्रेषितांच्या, म्हणजे शिष्यांच्या, मूर्ती सरकत जातात आणि बघता बघता खेळ खलास. गर्दीचा वीट आला तर विशेह्राडच्या तटबंदीवर जा. नदी तिथूनही दिसते आणि बाकावर निवांत बसता येतं.

व्हिएन्ना असं पहिल्या नजरेत भुरळ घालत नाही. जुनी तटबंदी पाडून तिच्या जागी १८६५ मध्ये जुन्या शहराला वळसा घालणारा रिंगचा रस्ता खुला केला. त्याच्या कडेच्या इमारती भव्य आहेत, पण जरा सरकारी तोऱ्यातल्या. पहिल्या दिवशी बायको म्हणालीसुद्धा, ‘सगळीकडं कलेक्टर ऑफिसच वाटतंय.’ शहर सपाट आणि मोठं. प्रागमध्ये गल्ली चुकली तरी काहीतरी सुंदर समोर येतं, इथं चुकलात तर नुसतं चालणं वाढतं.

पैशाचं गणित प्रागच्या बाजूनं झुकतं. राहणं, खाणं, ट्राम, सगळंच थोडं स्वस्त. पण तिथं युरो नाही, कोरुना. जुन्या शहरातल्या मनी चेंजरच्या पाटीवरचा भाव आणि हातात पडणारा भाव यांत बरंच अंतर पडू शकतं. तसं झालंच तर तीन तासांच्या आत पावती घेऊन जाऊन व्यवहार रद्द करता येतो, २०१९ पासून तसा कायदाच आहे. त्यापेक्षा बँकेच्या एटीएममधून थोडे काढा, आणि ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं मशीननं विचारलं की नाही म्हणा. चाकाची बॅग असेल तर हॉटेल जुन्या शहराच्या जरा बाहेर, ट्रामच्या थांब्याजवळ घ्या. त्या दगडी फरशीवर चाकांचं काय होतं ते बघवत नाही.

इथपर्यंत दोन्ही पारडी सारखी, कदाचित प्रागचं किंचित जडच. आता ज्या गोष्टीनं आमचा निकाल लावला ती सांगतो. ऐकायला अगदीच फालतू वाटेल. पाणी.

आपल्याकडं हॉटेलात टेकायच्या आत पोऱ्या पाण्याचे ग्लास आपटून जातो, मग ऑर्डर. प्रागमध्ये पाणी हा मेनूतला एक पदार्थ आहे. गॅसचं की साधं असं विचारतात आणि काचेची ३३० मिलिलिटरची बाटली आणून ठेवतात. ती चार घोटांत संपते. आमच्या बिलांत तिची किंमत बऱ्याच ठिकाणी अर्ध्या लिटर बिअरच्या आसपास जात होती. बिअरची तऱ्हा नेमकी उलटी. जुन्या वळणाच्या पबमध्ये टेबलावर कागदाची पट्टी ठेवलेली असते. ग्लास आला की वेटर तिच्यावर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. ग्लास संपत आला की न विचारता दुसरा येतो, दुसरी रेघ. नको असेल तर खालचा पुठ्ठा उचलून ग्लासवर ठेवायचा. मी खुशीत होतो. बायको बिअर पीत नाही.

दिवसभर उन्हात चालायचं, वर तळलेलं चीज आणि बटाटे खायचे, म्हणजे पाणी लागणारच. पहिल्या दिवशी तिनं बाटल्या मागवल्या, बिल बघितलं आणि मनातल्या मनात चारने गुणलं. कोरुनाला साधारण चारने गुणलं की रुपये होतात, आणि एवढं सोपं गणित कुणाला टाळता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून ‘राहू दे, खोलीवर जाऊन पिते’ सुरू झालं. संध्याकाळपर्यंत तिचं डोकं दुखायला लागायचं आणि मग बोलणं तुटक. ‘गुणू नको, इथवर आलोय तर पी की’ म्हटलं की, ‘तुझ्या चार बिअरमध्ये माझ्या पाण्याचे पैसे मोजायचे कशाला?’ त्या सगळ्या सहलीत आमची एकदाच खडाजंगी झाली, आणि तीही पाण्याच्या बाटलीवरून, पुलाच्या उतारावर, ज्यांना मराठीचा गंध नाही अशा शंभर लोकांसमोर.

प्रागवर अन्याय नको. तिथलं नळाचं पाणी चांगलं आहे, बिनधास्त पिता येतं. खोलीतून मोठी बाटली भरून घेतली की अर्धा प्रश्न सुटतो, आम्हीही भरत होतो. पण दोघांना दिवसभर पुरेल एवढं पाणी खांद्यावर वागवत किल्ला चढणं-उतरणं होत नाही, आणि जेवणाच्या टेबलावर आपली बाटली काढणं बायकोला प्रशस्त वाटत नव्हतं. काही ठिकाणी मागितल्यावर नळाच्या पाण्याचा जग मिळतो, काही ठिकाणी त्याचेही पैसे लावतात, आणि एका ठिकाणी वेटरनं नुसती मान हलवली. प्रत्येक जेवणाला काय होणार याचा अंदाज बांधत बसावं लागायचं, वैताग त्याचाच होता. तुम्ही दोघंही बिअर घेणारे असाल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या आणि खुशाल प्रागचं तिकीट काढा.

व्हिएन्नात पहिल्याच दुपारी कॉफीहाउसमध्ये शिरलो. काळ्या कोटातला वयस्कर वेटर, चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव. मेलांज मागवली, म्हणजे आपल्या कापुचिनोची बहीण. लंबगोल चकचकीत ट्रे आला. त्यात कप, साखर आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला छोटा ग्लास, ग्लासवर चमचा पालथा आडवा ठेवलेला. हे पाणी कॉफीबरोबरच येतं, वेगळं मागायचं नाही. आम्ही गप्पा मारत बसलो. एक कॉफी घेऊन तासभर बसलं तरी तिथं कुणी उठवत नाही. ग्लास रिकामा दिसला तसा तोच आढ्यतेखोर वेटर न बोलता दुसरा ठेवून गेला. बायकोनं माझ्याकडं असं काही बघितलं की निकाल तिथंच लागला.

या पाण्याची शहराला मिजास आहे आणि ती रास्त आहे. १८७३ मध्ये रॅक्स आणि श्नेबर्ग डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी कालव्यानं शहरात आणलं, १९१० मध्ये होखश्वाब भागातून दुसरी वाहिनी आली. पाणी उतारानं आपोआप वाहत येतं, आणायला पंप लागत नाही. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनची वाट बघत ज्यांनी निवडणुकांमागून निवडणुका काढल्या, त्या कोल्हापूरकराला हे ऐकून काय वाटतं ते लिहायची गरज नाही. शहरात पिण्याच्या पाण्याचे हजाराहून जास्त नळ-कारंजी आहेत. उन्हाळ्यात छोटी बाटली पुरते, संपली की पुढच्या चौकात भरायची. रेस्टॉरंटमध्ये मात्र ‘लाइटुंग्सवासर’, म्हणजे नळाचं पाणी, असं स्पष्ट म्हणा, आणि थोडे पैसे लावले तर आश्चर्य नको. तसं आमच्या बाबतीतही झालं. पण तोवर दिवसभर तहान भागलेली असायची, त्यामुळं ते बिल कुणी गुणलं नाही.

व्हिएन्नाचे तोटे आहेत, लपवत नाही. रविवारी दुकानं बंद, सुपरमार्केटसकट. मोठ्या रेल्वे स्टेशनातली तेवढी उघडी असतात. तुमचा रविवार तिथं येत असेल तर शनिवारीच दही-ब्रेड-फळं आणून ठेवा. प्रागमध्ये ही भानगड नाही. वेटरांचा तुसडेपणा प्रसिद्धच आहे. आणि खर्च जास्त, हॉटेलात तर चांगलाच जाणवतो.

जेवणाचं थोडक्यात. मांसाहारी असाल तर दोन्हीकडं चैन, फक्त गोमांस की डुकराचं हे प्रत्येक वेळी विचारून घ्या. शाकाहारी माणसाला प्रागमध्ये तळलेलं चीज आणि सूप यावर बराच वेळ काढावा लागतो. व्हिएन्नात केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेले पास्त्यासारखे पिठाचे छोटे तुकडे, नाशमार्क्टच्या बाजारातलं फलाफल, आणि जेवणाऐवजी खाता येईल एवढं मोठं कायझरश्मार्न, म्हणजे चुरलेला जाड पॅनकेक, सोबत आलुबुखारच्या जातीच्या फळांचा मुरंबा. कांदा-लसणाची चटणी न्याच, बॅगेत पक्की बांधून. पेढे नेऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

संध्याकाळचा कार्यक्रम हवा असेल तर व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा. बसायची तिकिटं आपल्या खिशाला झेपत नाहीत, पण उभ्यानं बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. जागा मिळाली की समोरच्या कठड्याला रुमाल किंवा ओढणी बांधायची, ती जागा आपली. मग खुशाल बाहेर जाऊन या, कुणी हात लावत नाही. आम्हाला संगीतातलं ओ की ठो कळत नाही आणि मध्यंतरात पाय बोलायला लागले म्हणून निघालो, तरी तो तेवढा वेळ मजेत गेला. प्रागमध्ये एस्टेट्स थिएटर आहे, जिथं १७८७ मध्ये मोत्झार्टच्या एका ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. त्याचं कौतुक असणाऱ्यानं ते चुकवू नये. आम्ही ते बाहेरूनच बघितलं.

ज्यांना सुट्टी थोडी वाढवून मिळते त्यांच्यासाठी एक मधली वाट आहे. दोन्ही शहरांत थेट रेल्वे आहे, चारेक तासांची, आरामाची. प्रागला उतरायचं आणि परतीचं विमान व्हिएन्नाहून धरायचं, म्हणजे उलटं येणं नको. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे दोन्ही देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम त्याच देशाकडं करावा लागतो. रात्री वाटताना व्हिएन्नाला एखादी जास्त द्या आणि अर्ज ऑस्ट्रियाकडं करा.