पेडलबोर्डसाठी थ्री-इन-वन पॉवर इनलेट: घ्यायला हरकत नाही, पण आतला फ्यूज आधी बदला

घरी बनवलेल्या पेडलबोर्डातून (गिटारचा आवाज बदलणारी पेडलं बसवायची फळी) अडॅप्टरची वायर लोंबत असते, आणि बोर्ड बिघडतो तो बहुतेक वेळा तिथूनच. मंडपात कोणाचा पाय अडकला की पिन तरी वाकते, नाहीतर पेडलांसकट अख्खा बोर्ड स्टेजखाली जातो. बोर्डाच्या मागच्या पट्टीत बसणारा इनलेट, म्हणजे वीज आत घेणारं सॉकेट, असेल तर नुसती कॉर्ड निघून येते. कॉम्प्युटरच्या मागे असतो तोच हा इनलेट. त्याचं नाव सी-१४, त्यात बसणाऱ्या कॉर्डच्या तोंडाचं नाव सी-१३, रेटिंग १० अँपियर, २५० व्होल्ट. इथे बघतोय तो इनलेट, फ्यूज आणि स्विच एकाच प्लास्टिकच्या ठोकळ्यात असलेला, कुठल्याही ब्रँडचं नाव नसलेला नग. दीडशे रुपयांच्या आत मिळतो.

पहिला गुण कॉर्डचा. दर्यापूर किंवा पांढरकवड्यात पेडलचं सामान शोधत फिरावं लागेल, पण कॉम्प्युटर दुरुस्तीवाला तालुक्याला असतोच. कार्यक्रमाच्या दिवशी कॉर्ड घरी राहिली तर शाळेतल्या मॉनिटरची काढून आणता येते (परत लावायचं तेवढं लक्षात ठेवा). मात्र स्वस्त कॉर्डमध्ये कधीकधी अर्थची तार नसतेच, प्लगला पिन तेवढी तीन. मल्टिमीटरने जाड पिनेपासून सी-१३च्या मधल्या भोकापर्यंत कंटिन्युटी (तार अखंड आहे का) बघूनच कॉर्ड घ्या.

बसवताना पहिली चूक प्लायवर होते. खटक्याने बसणारा प्रकार १ ते ३ मिमी पत्र्यासाठी असतो. १२ मिमी प्लायमध्ये त्याचे कान उघडतच नाहीत, आणि कॉर्ड ओढली की ठोकळा हातात. स्क्रूचा प्रकार घ्या. बहुतेक नगांत दोन स्क्रूंमधलं अंतर ४० मिमी आणि खाच साधारण ४८ बाय २८ मिमी असते, तरी आपला नग मोजूनच आखणी करा. २ मिमी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चारही कोपऱ्यांना ड्रिल मारायचं, जिगसॉने कापायचं आणि शेवटचा अर्धा मिमी कानशीने काढायचा. प्लायला मागून मोठी खिडकी पाडून त्यावर ही पट्टी बसवली की झालं. ठोकळ्यामागे वायर वळायला जागा लागते. थिंबलसकट (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) पाच सेंटिमीटर खोली नसेल तर वायर चेपल्या जातात.

आता फ्यूज. ठोकळ्यात ५ बाय २० मिमीचा फ्यूज बसतो आणि बरेचदा १० अँपियरचा घालूनच येतो. पाच-सहा पेडलांचा सप्लाय २०-२५ वॅट खातो, म्हणजे २३० व्होल्टवर अँपियरचा दहावा हिस्सा. १० अँपियरचा फ्यूज उडेपर्यंत आतली बारीक वायर जळू शकते. १ अँपियरचा स्लो-ब्लो (क्षणाचा झटका सोसणारा) घाला, ज्याच्या टोपीवर टी अक्षर असतं. फास्ट फ्यूज चालू करतानाच्या झटक्याने विनाकारण उडू शकतो. फ्यूज बसतो त्या ड्रॉवरमध्ये जादा फ्यूजची खोबण असते, तिथे दुसरा ठेवून द्या.

खरी नाराजी स्विचवर आहे. मागे तीन पाती (वायर जोडायच्या पट्ट्या) असलेला लाइटवाला स्विच एकच तार तोडतो. मंडपवाल्याच्या एक्स्टेंशनवर फेज-न्यूट्रल उलटे असणं नवीन नाही. असा बोर्ड तिथे लावला की स्विच बंद करूनही आत फेज जिवंतच, आणि फ्यूज बसतो न्यूट्रलमध्ये. चार पात्यांचा, दोन्ही तारा तोडणारा नग थोडा महाग मिळतो, तोच घ्या. तीन पात्यांचाच मिळाला तर जोडणी नीट समजून करा: एका पात्यावर फ्यूजमधून आलेला फेज, दुसऱ्यावरून पुढे सप्लाय, तिसरं फक्त दिव्याचं न्यूट्रल. दुसरं आणि तिसरं उलटं झालं तर स्विच दाबताच फेज-न्यूट्रल शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. फ्यूज नेमका कोणत्या पात्याच्या मार्गात आहे हे अंदाजाने ठरवू नका. ड्रॉवर काढा, पिन ते पातं कंटिन्युटी तुटली तर तेच.

आतली वायर ०.७५ चौरस मिमीची, तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. इन्सुलेटेड थिंबल क्रिंप करा. उघड्या पात्यावर नुसतं सोल्डर ठेवलं तर बोर्ड गाडीत आदळून ते सुटतं. अडॅप्टर उघडत बसू नका. बोर्डाच्या खाली ६ अँपियरचा तीन पिनी सॉकेट बॉक्ससकट ठोका, इनलेटमधून त्याला लाइन द्या, अडॅप्टर त्यात लावा. बोर्डाच्या धातूच्या चौकटीला आणि पट्टीला अर्थ वेगळ्या स्क्रूने, दातेरी वॉशर घालून द्या. इनलेट मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवा, कारण गिटार बहुतेक पेडलांत उजवीकडून शिरते आणि वाह नावाचं पायाने हलवायचं पेडलही तिकडेच असतं. वाहच्या कॉइलजवळ लाइनीची वायर गेली की ५० हर्ट्झची गुणगुण आत आलीच.

अर्थिंगची गोष्ट ठोकळ्याच्या हातात नाही, पण आपल्याकडे सगळं तिथेच अडतं. काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, रॉड आणि माती यांचा संपर्क सुटतो. मल्टिमीटर तरीही फेज-अर्थ २३० दाखवतो, कारण त्याला करंट लागतच नाही. १०० वॅटचा साधा बल्ब फेज आणि अर्थमध्ये पूर्ण पेटला तर थोडा भरवसा धरता येतो. आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर ती लगेच पडेल. ही चाचणी वायरमनकडूनच करून घ्या. गुणगुण घालवायला अर्थची पिन कापणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, कारण बिघाड झाला की तोच फेज जॅकच्या केबलच्या जाळीवरून गिटारच्या तारांवर येतो.

न्यूट्रल तुटल्यावर सॉकेटमध्ये ३५०-४०० व्होल्टही येऊ शकतात, त्यापुढे हा फ्यूज काहीच करत नाही. जनरेटरवर लावण्याआधी व्होल्टेज मोजलं तर अडॅप्टर वाचतो. पंप चालू असताना व्होल्टेज १७० पर्यंत उतरलं तरी १००-२४० लिहिलेला एसएमपीएस (हलका, इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर) चालत राहतो, ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय मात्र गुणगुणतो.

तीन-चारच पेडल असतील तर हा ठोकळा घेऊच नका. अडॅप्टर बाहेर ठेवा आणि पट्टीत ५.५/२.१ मिमीचा डीसी सॉकेट बसवा, बोर्डात २३० व्होल्ट येणारच नाहीत. तो प्लास्टिकच्या बॉडीचाच घ्या. पेडलमध्ये मधली पिन निगेटिव्ह असते, म्हणजे बाहेरच्या कडीला ९ व्होल्ट प्लस. धातूचा सॉकेट अॅल्युमिनियमला टेकला की चौकट प्लस होते, आणि पेडलचा डबा तिला घासला की सप्लाय शॉर्ट. वायरही जाड हवी: ०.५ चौरस मिमीच्या ५ मीटरवर १ अँपियरला जवळपास ०.४ व्होल्ट वाटेतच जातात, आणि डिजिटल डिले (प्रतिध्वनीचं पेडल) तेवढ्यावरही रुसतो.

ठोकळ्याला पाचपैकी साडेतीन: एक गुण तीन पात्यांच्या स्विचचा कापला, अर्धा १० अँपियरच्या फ्यूजचा.