सांगलीतली ड्रेपरी: कपडे आणायला तुम्हालाच पाठवणार असतील तर वाचा

कॉलेजात कार्यक्रम कुठलाही असो, ड्रेस आणायला फर्स्ट इयरच्याच पोरांना पिटाळतात. मी होस्टेलला राहतो, रूममेटची गाडी हाताशी असते आणि मला नाही म्हणता येत नाही. एवढ्या पात्रतेवर हे खातं माझ्याकडे आलं. ट्रॅडिशनल डे, युवा महोत्सव, गॅदरिंग, सगळ्याची गाठोडी मीच आणली आणि मीच परत नेऊन टाकली. तेव्हा भाड्यानं ड्रेस देणाऱ्या या दुकानाबद्दल चार शब्द बोलायला हरकत नसावी.

दुकानाला पाटी आहे, पण आमची पोरं नुसतं 'ड्रेपरी' म्हणतात. बाहेरून बघितलं तर एक शटर आणि एक टेबल. आत गेलं की एका भिंतीला मावळे, समोरच्या भिंतीला परी आणि फुलपाखरं, माळ्यावर राक्षसांचे मुखवटे. प्रत्येक कपड्याच्या कॉलरच्या आत मार्करनं लिहिलेलं असतं: 'मावळा 7', 'भालदार', 'सुदामा'. मला एकदा 'सुदामा' लिहिलेला सदरा मिळाला, तर पोरांनी महिनाभर मला पोह्यांवरून पिडलं.

दर सांगतो. मावळ्याचा सेट दिवसाला 200, शिवलेली नऊवारी 250, फेटा वेगळा. अनामत 500 पासून पुढे, गठ्ठा बघून. भाडं फोनवरून दिलेलं चालतं, अनामत मात्र रोखच लागते, त्यामुळे आधी एटीएम गाठा. संध्याकाळी नेलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत आणलं तर एकच दिवस धरतात. बारा वाजून गेले की दुकानाचे काका घड्याळाकडे बघतात आणि वही उघडतात. तिथं ओळख-बिळख चालत नाही.

नऊवारीचं खातं दुकानातल्या मावशींकडे. आमच्या वर्गातल्या मुली आरशात बघून लगेच 'झालं, हीच' म्हणत होत्या, मावशी ऐकेनात. "बसून दाखव. आता ऊठ. आता पायरी चढल्यागत पाय टाक." तीन जणींच्या साड्या तिथल्या तिथं बदलल्या. कमरेला हुकांच्या दोन ओळी असतात, त्यातली बाहेरची लावली तर नाचताना काष्टा सैल पडतो, हे मावशींनी दाखवलं. लावणीला वेगळी, ब्राह्मणी वेगळी, कोळी वेगळी, सगळं वेगवेगळं लावून ठेवलंय. या एका गोष्टीसाठी मी दुकानाला पैकीच्या पैकी देईन.

युवा महोत्सवाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. शिवाजी विद्यापीठाचा महोत्सव आधी जिल्ह्याचा होतो, मग मध्यवर्ती. आम्ही लोकनृत्यात धनगरी गजी बसवली होती. मी कवठेमहांकाळ तालुक्यातला, आरेवाडीच्या बिरोबाला लहानपणापासून जातोय, त्यामुळे गजी कशी दिसते हे मला सांगायला नको. काकांनी 'धनगर सेट' म्हणून जे काढलं ते बघून मला घामच फुटला. मखमलीची बंडी, तिला टिकल्या, लालभडक फेटा आणि खांद्यावर काळी शाल. आमच्याकडं गजी खेळणारी माणसं पांढऱ्यात असतात, हातात रंगीत रुमाल, मधे ढोल आणि झांजेसारखं कैताळ. मी म्हटलं, "काका, हे शाळेच्या गॅदरिंगला ठीक आहे, पण जिल्ह्याला आमच्या भागातली पोरं समोर बसलेली असणार, हसतील ती."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आहे हे असं आहे, न्यायचं तर न्या. काकांनी खुर्ची ओढली आणि मला सगळं विचारलं. झगा कुठवर, फेटा कसा, पायात काय. मग माळ्यावरून वारकऱ्यांच्या सेटमधली पांढरी धोतरं आणि सदरे खाली काढले, बिनशिलाईचे पांढरे फेटे वेगळे दिले. तयार फेटा मी मागितला होता, त्याला त्यांनी चक्क नकार दिला. "तयार फेटा लांबून टोपीगत दिसतो. कापड ने, बांधायला शीक." रुमाल त्यांच्याकडे नव्हते, ते आम्ही बाजारातून घेतले. मध्यवर्तीला काही आम्ही पोचलो नाही, पण तो हिशेब ढोलवाल्याशी आहे, ड्रेपरीशी नाही.

काकांचा एक दिवस मात्र धरून चालू नका: 5 नोव्हेंबर, रंगभूमी दिन. त्या संध्याकाळी शटर खाली. विष्णुदास भावे गौरव पदकाचा कार्यक्रम भावे नाट्यमंदिरात असतो आणि काका तो चुकवत नाहीत. कपडे परत द्यायला मी नेमका त्याच दिवशी टपकलो, तर गाठोडं टेबलाखाली सरकवून मलाच बरोबर घेऊन गेले. 1843 साली भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सांगलीत केलं हे मला पुस्तकातून माहीत होतं. काकांना त्यापेक्षा जास्त काळजी होती ती तेव्हाच्या राक्षसांचे कपडे कोणी शिवले असतील याची. नाट्यगृह आतून बघायची माझी ती पहिलीच वेळ. गावाकडं आपलं तमाशाचं कनातीतलं स्टेज. इथं पडदा सरकायला लागला की सगळी माणसं एकदम गप्प होतात, हेच मी बघत बसलो होतो.

आता तक्रारी. दागिने तिथून घेऊ नका. ठुशीचे मणी सुटलेले, नथीची तार वाकलेली, आणि हरवलं तर भरपाई नव्याच्या भावानं. वासुदेवाच्या टोपीचं मोरपीस निम्मं झडलंय, तरी भाडं पूर्ण घेतात. कॉलरला पॅनकेकचा, म्हणजे मेकअपचा, डाग पडला म्हणून आमच्या अनामतीतून 50 रुपये कापले. मी वाद घातला नाही, पण तो डाग आमच्या आधीचा होता असं माझं अजूनही मत आहे. तेव्हा नेतानाच प्रत्येक कॉलरचा फोटो काढून ठेवा आणि काकांना दाखवा. त्यांना राग येत नाही, उलट वहीत 'डाग जुना' असं लिहून देतात. सहा फुटांहून उंच पोरांना धोतर सोडून काही मिळेल अशी आशा ठेवू नका.

डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग असतात आणि 19 फेब्रुवारीला शिवजयंती, त्या काळात मावळे शिल्लक राहत नाहीत. पंधरा दिवस आधी जाऊन वहीत नाव घाला, फोनवर सांगितलेलं ते धरत नाहीत. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं.