फॅनच्या पिनवरची रोषणाई मला ९,५५० रुपयांना पडली

बेळगावातील वडगावात माझे लग्नपत्रिकांचे छोटे डीटीपी केंद्र आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर एकाच संगणकावर जुळवून घर चालते. मुलाच्या हट्टाखातर त्याच संगणकाला लावायला शहरातील एका दुकानातून पाच मीटरची एलईडी पट्टी घेतली. पट्टीचे १,८५० आणि बसवणुकीचे २५० रुपये रोख मोजले.

गुंडाळीवर ‘फॅन पिनवर सुरक्षित’ असा कागद चिकटवलेला होता. फॅन पिन म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डावरची (मदरबोर्डवरची), आतल्या पंख्याला वीज देणारी जोडणी. त्याची कड सुटली होती आणि खाली ‘१२ व्होल्ट, ७२ वॅट’ हे छापील आकडे मला दिसले होते. मी ती कड अंगठ्याने पुन्हा दाबून बसवली, हे आठवले की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. ७२ भागिले १२, म्हणजे सहा अँपिअर. मदरबोर्डचा फॅन कनेक्टर साधारणपणे एकच अँपिअर सोसतो आणि माझ्या बोर्डाच्या पुस्तिकेतही तेच लिहिले होते. पण ‘अण्णा, बिनघोर राहा, रोज बसवून देतो’ असे सांगणाऱ्या, तारेला फॅनची पिन आधीच जोडून ठेवणाऱ्या माणसावर गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नाही तर काय करणार?

पाऊण तासात जळका वास आला आणि संगणक बंद पडला. तपासणीचे ५०० आणि नव्या बोर्डाचे ६,८०० रुपये गेले. दुकानदाराने विजेच्या चढउताराकडे बोट दाखवले. फॅनच्या पिनेवर फॅनच लावा. कॅबिनेटमधील थोड्या दिव्यांसाठी एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मोलेक्स, म्हणजे चार पिनांच्या, जोडणीतील पिवळी (१२ व्होल्ट) आणि काळी तार फ्यूज घालून वापरा. लाल तार ५ व्होल्टची असते. लांब पट्टीला १२ व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा स्वतंत्र अडॅप्टरच लावा.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला’ म्हणून वाटेला लावले. ग्राहक तक्रारीसाठी गेलो, तर अर्ज कन्नडमध्ये हवा म्हणाले. १५० रुपये देऊन तो लिहून घेतला, तर पुढच्या खेपेला पावतीवर जीएसटी क्रमांक नाही म्हणून परत पाठवले, आणि तिसऱ्या खेपेला संबंधित कर्मचारी रजेवर असल्याने तासभर बाकावर बसवून ‘सोमवारी या’ एवढेच सांगितले, जणू लग्नसराईत दुकान बंद ठेवून हेलपाटे घालणे हाच माझा धंदा आहे. पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पाच लाखांपर्यंतच्या ग्राहक तक्रारीला शुल्क नसते, हेही मला तिथे कोणी सांगितले नाही. लांब पट्टीला १२ व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा स्वतंत्र अडॅप्टरच लावा.

काल त्या दुकानावरून गेलो. तीच गुंडाळी, तोच कागद लावून, दारातच टांगलेली आहे.