पेकममधील नायजेरियन खाणावळ : डबा भरून देणारे स्वयंपाकघर

दक्षिण लंडनमधील पेकमला ‘लिटल लागोस’ म्हणतात. तेथील राय लेनवर कोनफळाच्या जातीचे मोठे कंद, केळी आणि सुकी मासळी मांडलेल्या दुकानांच्या रांगेत एक छोटी नायजेरियन खाणावळ आहे, आणि शिकायला येणाऱ्या मराठी मुलांनी ती अवश्य गाठावी, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात मोई मोईने करावी. भिजवून साले काढलेली चवळी, कांदा आणि लाल ढोबळी मिरची एकत्र वाटून हा पदार्थ वाफवतात. येथील मोई मोई सुरीने कापता येण्याइतकी घट्ट असूनही जिभेवर विरघळते आणि मिरचीचा तिखटपणा शेवटी जाणवतो. तिच्यात बहुधा अंडे किंवा मासा असतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे. एगुसी, म्हणजे कलिंगडाच्या कुळातील फळाच्या बियांचे कूट घातलेली, पाम तेलातील पालेभाजी, एबाबरोबर, म्हणजे कसावा या कंदाच्या पिठाच्या मऊ गोळ्याबरोबर, हातानेच खायची असते आणि त्यासाठी टेबलावर पाण्याचे भांडे आणून ठेवतात. टोमॅटो-मिरचीच्या वाटणात शिजवलेला जोलोफ भात दुपारी उत्तम असतो. रात्री उशिरा मात्र तो कोरडा पडलेला असतो, हा दोष सांगायलाच हवा.

या जागेचे खरे मोल तिच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटनने केअर वर्करना, म्हणजे वृद्ध व आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांना, व्हिसा खुला केल्यावर नायजेरिया, झिम्बाब्वे, घाना येथून हजारो माणसे आली. 11 मार्च 2024 पासून नव्याने येणाऱ्यांना कुटुंब आणण्यास मनाई झाली आणि जुलै 2025 मध्ये परदेशातून नवी भरतीच थांबली. विद्यार्थ्यांचे हाल वेगळे : जून 2023 मध्ये विनिमय दर मोकळा होताच नायरा हे नायजेरियाचे चलन कोसळले आणि पौंडांतील शुल्क अनेक घरांच्या आवाक्याबाहेर गेले, शिवाय सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. अशा एकट्या राहणाऱ्यांसाठी ही खाणावळ अर्धे ताट देते आणि एगुसीचे दोन लिटरचे डबे भरून देते, जे फ्रीझरमध्ये ठेवून आठवडाभर पुरवता येतात. गल्ल्यावरच्या बाईंना सगळी मुले आंटी म्हणतात; रात्रपाळीला निघालेल्या मुलीचा डबा भरताना त्या न विचारता वर एक तुकडा मासा ठेवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. कुटुंबापासून दूर राहणाऱ्या माणसाला काय हवे असते, हे एवढे नेमके ओळखणारी सेवा मला या शहरात इतरत्र क्वचितच आढळली.

दरफलक लावलेला नाही, तो लावायला हवा. नवख्याला प्रत्येक पदार्थाचा भाव विचारताना संकोच होतो. शुक्रवारी संध्याकाळी सूयासाठी, म्हणजे शेंगदाण्याचा मसाला लावून भाजलेल्या गोमांसासाठी, मोठी रांग लागते. डबे हवे असल्यास आदल्या दिवशी फोन करून सांगावे.