२४ बाय १२ ची ग्रो बॅग: कॉलनीच्या मोकळ्या जागेसाठी घ्यावी का?

कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये किंवा शाळेच्या कुंपणालगत सगळ्यांसाठी भाज्या लावायचं ठरलं, की बहुतेक वेळा आधी ग्रो बॅगचा किट आणला जातो. हिरव्या गोल बॅगा, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुग्याची) वीट, बियांची पाकिटं आणि नाव लिहायच्या कोऱ्या पट्ट्या. यातली बॅग चांगली आहे. बिया आणि पट्ट्या मात्र घरच्या गच्चीचा विचार करून दिलेल्या असतात, चौकात त्यांचा उपयोग होत नाही.

आधी बॅग. २४ इंच व्यास, १२ इंच उंची, म्हणजे साधारण ८५ लिटर माल मावतो. २०० जीएसएमच्या (कापडाच्या एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) खालची घेऊ नका. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात कापडाआधी शिवण उसवते, म्हणून दुहेरी शिवण बघूनच घ्या. भरलेली बॅग पाणी मुरल्यावर खूप जड होते. कडी धरून ओढली की फाटलीच. जागेवर ठेवून मगच भरा.

नुसती काळी माती भरू नका. आपली माती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते, आणि बॅगेत तिची वीट होते. दोन भाग माती, दोन भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, वर बॅगेमागे २०० ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. ५ किलोच्या विटेचा भिजल्यावर ६०-७० लिटर भुगा होतो, त्यामुळे साधारण चार बॅगांना एक वीट पुरते. तळाची भोकं पावसाळ्यात चिखलाने बुजतात. तळापासून इंचभर वर बाजूलाही चार भोकं पाडा, पण सुरीने नाही, तापवलेल्या खिळ्याने. सुरीने कापलं की विणलेले धागे सुटत जातात. उन्हाळ्यात बॅगेमागे रोज ३-४ लिटर पाणी धरा आणि वर दोन इंच पालापाचोळा पसरा. कॉलनीत झाडून जाळला जातो तोच चालतो.

आता खरी अडचण. किटमध्ये हमखास मुळा, गाजर, फ्लॉवर असतात. ही एकदाच काढायची पिकं. पहिल्या माणसाने उपटलं की बॅग रिकामी, आणि दुसऱ्याला वाटतं चोरी झाली. सगळ्यांनी तोडायच्या जागी पुन्हा फुटणारंच लावावं: पालक, तांदुळजा, अंबाडी, पुदिना, गवती चहा, पानओवा. कढीपत्ता आणि शेवगा बॅगेत नको, जमिनीत. शेवग्याचा शेंडा तीन-चार फुटांवर खुडत राहा, म्हणजे शेंगा हाताशी येतात; आणि तो वाटेपासून दूर लावा, कारण वादळी पावसात त्याच्या फांद्या काडकन मोडतात. रहदारीच्या रस्त्याकडेला पालेभाजी टाळा, पानांवर धूळ बसते. तिथे वांगी, मिरची ठीक. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते मुलांच्या हाती देऊ नका, खाण्यासाठी तर मुळीच वापरू नका.

इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात २००८ पासून पोलीस ठाण्यासमोरही भाज्या लावतात, आणि त्या कोणीही तोडाव्यात अशीच कल्पना आहे. आपल्याकडे मुलांनी मेथी जुडीतच पाहिलेली असते. पालक मुळासकट उपटायचा नसतो, बुंध्याशी दोन बोटं ठेवून बाहेरची पानं कापायची, हे त्यांना सांगावं लागतं. अळूचं तर सांगायलाच हवं. शोभेच्या झाडाची पानं तशीच दिसतात आणि ती विषारी असू शकतात. भाजीचं अळूही चिंच घालून नीट शिजवलं नाही तर घशाला खाजतं. किटमधल्या बोटभर पट्टीवर हे कुठे मावणार? शिवाय पहिल्या पावसात शाई जाते.

जागा महापालिकेची असेल तर आधी उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्या. सुट्या बॅगा मिळत असतील तर किट घेऊच नका. वाचलेल्या पैशांत दोन फुटी पत्र्याच्या पाट्या ऑइल पेंटने रंगवून घ्या, प्रत्येक भाजीला एक. मजकूर असा पुरे: ‘अंबाडी. कोवळे शेंडे खुडा, खोड सोडा. एका घराला एक मूठ. तुरीची डाळ आणि तांदळाच्या कण्या घालून शिजवा, वर लसणाची फोडणी.’