एमएसआय मॅग बी६५० टॉमाहॉक वायफाय: मदरबोर्ड पारखून घेताना

घरी डेस्कटॉप जोडायला घेतला की बहुतेकांचे लक्ष प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाकडे असते आणि उरलेल्या पैशांत जो बसेल तो मदरबोर्ड घेतला जातो. हा क्रम मला पटत नाही. रॅम पुढे वाढवता येते, एसएसडी नवी घालता येते, ग्राफिक्स कार्ड तर एका स्क्रूवर बदलते. मदरबोर्ड बदलायचा झाला तर मात्र अख्खे कॅबिनेट रिकामे करावे लागते. म्हणून जे नंतर विकत आणून जोडता येत नाही, तेच बोर्डात आधी पाहावे. मी एएमडीच्या रायझेन ९ ९९००एक्स या बारा कोअरच्या प्रोसेसरसाठी एमएसआयचा मॅग बी६५० टॉमाहॉक वायफाय वापरतो आहे, आणि या कसोटीवर तो जवळजवळ पूर्ण उतरतो.

सुरुवात सॉकेटपासून, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेपासून करायला हवी. एएमडीचे एएम५ सॉकेट २०२२ साली रायझेन ७००० मालिकेबरोबर आले, २०२४ मध्ये आलेली ९००० मालिकाही त्याच सॉकेटात बसते, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही हे सॉकेट चालू ठेवण्याचे कंपनीने जाहीर केलेले आहे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटाला बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीपर्यंत साथ मिळाली आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ आल्यावर जुना बोर्ड तिथेच थांबला. चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागवण्याचा विचार असेल, तर हा फरक लहान नाही.

पण सॉकेट जुळले म्हणजे संगणक सुरू होईलच असे नाही. हा बोर्ड २०२२ चा. बराच काळ गोदामात पडून असलेल्या बोर्डाच्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरला, २०२४ चा प्रोसेसर ओळखता येत नाही. अशा वेळी मागच्या बाजूचे ‘फ्लॅश बायोस’ हे छोटे बटण कामी येते. कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोसची फाइल उतरवून तिला ‘एमएसआय.रॉम’ हे नाव द्यायचे, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती ठेवायची, पेनड्राइव्ह ठरलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचा, २४ पिनची आणि प्रोसेसरची वीजजोडणी करायची आणि बटण दाबायचे. शेजारचा दिवा लुकलुकत राहतो आणि काम संपले की थांबतो. यात प्रोसेसर किंवा रॅम बसवलेली असण्याचीही गरज नाही. ही सोय नसलेला बोर्ड नव्या प्रोसेसरसाठी घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे, कारण एरवी केवळ बायोस अद्ययावत करण्यासाठी कोणाकडून तरी जुना प्रोसेसर मागून आणावा लागतो.

यानंतर महत्त्वाचे ते व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला योग्य व्होल्टेज पुरवणारे सर्किट. पॉवर सप्लाय १२ व्होल्ट देतो, प्रोसेसरला मात्र जेमतेम सव्वा व्होल्टच्या आसपास लागतो. म्हणजे दीडशे वॅट खाणाऱ्या प्रोसेसरकडे शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह जातो. व्होल्टेज उतरवून देणारे हे सर्किट सॉकेटच्या भोवती असते आणि तापते. स्वस्त बोर्डांवर त्याच्यावर उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा नसतो किंवा नावापुरता असतो, आणि तासभर व्हिडिओ रेंडर होत राहिला की अशा बोर्डावर प्रोसेसरचा वेग घसरू शकतो. टॉमाहॉकचे दोन्ही ठोकळे चांगले जाड आहेत. लांब रेंडरनंतर बोट लावले तर ते गरम लागतात, पण वेगात घसरण दिसत नाही. खोक्यावरच्या ‘१४+२+१’ या आकड्याला मात्र फार भुलू नये. त्यातले १४ फेज (वीजपुरवठ्याचा भार वाटून घेणारे भाग) जोडीजोडीने चालतात, म्हणजे नियंत्रकाच्या दृष्टीने ते सात आहेत. यात फसवणूक नाही, पण दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून मोठा तो चांगला असे ठरवणे चुकीचे आहे.

रॅमचे चार स्लॉट पाहून चारही भरण्याचा मोह होतो. डीडीआर५ या प्रकारच्या रॅममध्ये ते तोट्याचे ठरते: ९००० मालिकेला रॅमच्या दोन पट्ट्यांवर ५६०० एमटी/से (सेकंदाला दशलक्ष देवाणघेवाणी) असा अधिकृत वेग आहे, चार पट्ट्यांवर तो ३६०० वर येतो. त्यामुळे मोठ्या क्षमतेच्या दोनच पट्ट्या घ्याव्यात आणि त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमशी आपला ताळमेळ जुळवत बसतो, पडदा काही मिनिटे काळाच राहतो आणि बोर्डावरचा ‘डीरॅम’ दिवा पेटलेला असतो. घाबरून वीज बंद करू नये. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे चार स्वतंत्र दिवे हे या बोर्डाचे मला सर्वांत आवडलेले अंग आहे, कारण अडचण कुठे आहे ते कळायला दुसरे साधन लागत नाही.

जुना कूलर वापरायचा असेल, तर एक गोष्ट तपासावी. एएम५ मध्ये बोर्डाच्या मागची, कूलरला आधार देणारी पट्टी सॉकेटला पक्की जोडलेली असते, त्यामुळे स्वतःची पट्टी मागणारे कूलर बसत नाहीत. एएम४ या आधीच्या सॉकेटाची मूळ पट्टी वापरणारे बहुतेक बसतात.

एसएसडीसाठी थेट बोर्डावर बसणारे तीन एम.२ स्लॉट, केबलने डिस्क जोडायचे सहा साटा पोर्ट, २.५ गिगाबिट लॅन आणि वायफाय ६ई एवढी सामग्री घरच्या वापराला पुरेशी आहे. ध्वनीसाठी रिअलटेकची एएलसी४०८० चिप आहे. हेडफोनवर आवाज स्वच्छ येतो.

उणिवाही आहेत. ग्राफिक्सचा मुख्य स्लॉट आणि एसएसडीचे स्लॉट पीसीआयई (कार्ड व एसएसडी जोडण्याची जलद पद्धत) ४.० चे आहेत, ५.० चे नाहीत. आजच्या कार्डांना त्याने फारसे अडत नाही, पण ५.० ची एसएसडी पूर्ण वेगाने चालवायची असेल तर बी६५०ई किंवा २०२५ मध्ये आलेल्या बी८५० चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) बोर्ड पाहावा. एटीएक्स हा पूर्ण, मोठा आकार असल्याने लहान कॅबिनेटमध्ये तो मावत नाही. आणि ज्यांचा प्रोसेसर सहा कोअरचा, ६५ वॅटचा आहे व जोडीला एकच एसएसडी राहणार आहे, त्यांनी या बोर्डावर पैसे घालू नयेत. बायोसचे तेच बटण असलेला साधा, लहान आकाराचा मायक्रो-एटीएक्स बी६५० घ्यावा आणि वाचलेली रक्कम रॅमवर खर्च करावी.